मंडळाचं नाव काढून घेण्याआधी: आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतील सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची वर्गणी आणि शिवजयंतीच्या लेझीम सरावाची वेळ या दोन निरोपांच्या मधे ग्रुपवर तीन ओळी येऊन पडल्या. निर्वासितांच्या निवासात मुलांसाठी चालणाऱ्या खेळाच्या खोलीचा करार मंडळ मार्चअखेर संपवत आहे, सर्व स्वयंसेवकांचे मनःपूर्वक आभार, आणि शेवटी जोडलेले दोन हात. त्याखाली दहा-बारा अंगठे उमटले आणि लगेच कोणीतरी तिळाच्या वड्यांची ऑर्डर टाकली.

हा निर्णय कुठल्या सभेत झाला, असं मी ईमेलने विचारलं. "विषय आता बंद झाला आहे," एवढंच उत्तर आलं. म्हणून हे पत्र सगळ्या सभासदांसमोर ठेवते आहे, आणि जर्मनीत किंवा इतरत्र अशीच मंडळं चालवणाऱ्या मराठी माणसांसमोरही.

ज्यांना करार म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निवास चालवणारी संस्था सुट्या माणसांना आत घेत नाही. तिला समोर नोंदणीकृत फेराइन, म्हणजे कायद्याने नोंदवलेली संस्था, लागतं. आपलं मंडळ तसं फेराइन आहे, म्हणून करारावर मंडळाची सही आहे. आमचा विमा मंडळाच्या नावावर आहे. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला गुन्ह्यांच्या नोंदींचा जो विस्तारित दाखला लागतो, तो स्वयंसेवकाला विनाशुल्क मिळतो, पण त्यासाठी संस्थेचं पत्र लागतं. तेही मंडळच देतं. मंडळाने नाव काढलं की १ एप्रिलला फाटकावरचा सुरक्षारक्षक आम्हाला आत सोडणार नाही. "ज्यांना जायचंय त्यांनी वैयक्तिक पातळीवर जावं," असं एका सदस्यांनी मला फोनवर सुचवलं. वैयक्तिक पातळीवर तिथे कोणालाच जाता येत नाही, आणि करारावर सही करणाऱ्यांना ते माहीत असायला हवं होतं.

आता त्या खोलीविषयी. निर्णय घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली आहे.

इमारत पूर्वी कचेरीची होती. एका कुटुंबाला एक खोली. लोखंडी दुमजली पलंग, एक कपाट, एक टेबल. स्वयंपाकघर मजल्यात सामायिक. आगीच्या नियमामुळे व्हरांड्यात सायकल, बाबागाडी, खेळणं, काहीही ठेवायचं नाही, आणि आवाज होतो म्हणून तिथे धावायचंही नाही. खाली अंगण म्हणजे गाड्या लावायची जागा. कायद्याप्रमाणे सुरुवातीच्या स्वागत केंद्रात लहान मुलं असलेल्या कुटुंबाला सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण तिथून सुटून ही कुटुंबं येतात ती आपल्या शहरातल्या या निवासासारख्या ठिकाणी, आणि इथे किती काळ राहायचं याला अशी मर्यादा नाही. भाड्याने घर शोधताना आपली काय दमछाक होते ते आपल्याला ठाऊक आहे, आणि आपल्याकडे तर पगाराच्या स्लिपा असतात. किटाचं, म्हणजे पाळणाघर-बालवाडीचंही तेच. मूल एक वर्षाचं झालं की जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण जागाच नसली तर हक्काचा कागद घेऊन आईने उभं राहायचं कुठे? तेव्हा तिसरी-चौथीत न पोचलेल्या बऱ्याच मुलांसाठी मोठ्याने ओरडायची, मनोरे पाडायची, लोळायची एकच जागा त्या इमारतीत आहे. ती आठवड्यातून दोन दुपारी उघडते.

तिथे काय चालतं? बाहेरून बघणाऱ्याला गोंधळच दिसेल. पहिला अर्धा तास असतोही तसाच. पण त्या गोंधळाला रीत आहे. सतरंजी दर वेळी त्याच कोपऱ्यात, रंग त्याच टेबलावर, आवरायचं गाणं तेच. बंद व्हायला दहा मिनिटं उरली की ते मोठ्याने सांगायचं, कारण ज्या मुलाचं सगळं आयुष्य अचानक हलवलं गेलंय त्याच्या हातातली गाडी तरी अचानक काढून घेऊ नये. फुगे आणायचे नाहीत. फुटल्याचा आवाज काही मुलांना सहन होत नाही. खेळण्यातली बंदूक नाही. एका मोठ्या माणसाने मुलासोबत एकट्याने थांबायचं नाही, खोलीत दोघं हवेतच. आणि "तुमच्याकडे काय झालं होतं?" हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. मूल स्वतःहून सांगू लागलं तर ऐकायचं, पुढे खणायचं नाही.

आपले खेळ तिथे चांगले रुजलेत. "चिमणी उड, कावळा उड"मधून पोरं जर्मन शब्द शिकतात. "टेबल उड"ला हात वर करणाऱ्यावर सगळे तुटून पडतात. आंधळी कोशिंबीर मात्र आम्ही सोडून दिली, कारण डोळ्यांवर फडकं बांधू द्यायला काही मुलं तयारच नव्हती, आणि त्यांना आग्रह करणं बरोबर नव्हतं. लगोरी मी लाकडी ठोकळ्यांची मांडली, तर एक अफगाण मुलगा माझ्या हातातून ठोकळे घेऊन स्वतःच रचायला लागला. त्याच्याकडे तिला हफ्त संग म्हणतात. नेम माझ्यापेक्षा दसपट चांगला. लंगडी युक्रेनच्या मुलींनी अशी उचलली आहे की आता त्याच नव्यांना शिकवतात.

पण सगळ्यात आवडता खेळ त्यांचा स्वतःचा आहे. त्याचं नाव 'आम्ट', म्हणजे सरकारी कचेरी. दोन खुर्च्या, मधे टेबल, कागदाच्या चिठ्ठ्यांवर नंबर. एक जण साहेब. बाकीचे रांगेत. साहेब मान वर न करता म्हणतो, हा कागद नाही, तो कागद नाही, पुढच्या महिन्यात या. मग धाडकन शिक्का. एकदा रांगेतल्या एका छोट्या मुलीने बाहुली पुढे करून विचारलं, हिला तरी राहू द्याल का? साहेबाने, म्हणजे तिच्याच सात-आठ वर्षांच्या भावाने, बराच विचार केला आणि बाहुलीला तीन महिने दिले. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने देणाऱ्या कचेरीच्या, त्या रांगेत सकाळी उभं राहून पोटात गोळा आलेला अनुभवला आहे. आपल्याला तो प्रौढपणी आला. कधी आत डोकावलात तर या पोरांचा साहेब बघा, नक्कल हुबेहूब आहे.

आणि मुलं नाहीशी होतात. मंगळवारी असलेलं मूल शुक्रवारी नसतं. कुटुंबाची दुसऱ्या गावी बदली झालेली असते, क्वचित घर मिळालेलं असतं, कधी परत पाठवलेलं असतं. आम्हाला कारण सांगितलं जात नाही आणि सांगायला ते बांधीलही नाहीत. राहिलेली मुलं मात्र विचारतात. तेव्हा खोटं बोलायचं नाही, हाही नियमच आहे.

आता मंडळाने दिलेली कारणं. ग्रुपवर ती आली नाहीत, फोनवर आणि चहाच्या कपाभोवती आली. म्हणून मी ती इथे लिहून काढते. चुकीची असतील तर कार्यकारिणीने लेखी दुरुस्त करावीत.

"मंडळ राजकारणात पडत नाही." इथल्या करकायद्यात फेराइनला करसवलत मिळवून देणाऱ्या सार्वजनिक हिताच्या कामांची यादी आहे, आणि निर्वासितांना मदत हे त्या यादीत नाव घेऊन लिहिलेलं आहे. मुलाला खेळायचा हक्क आहे, असं म्हणणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या ३१व्या कलमाला भारत आणि जर्मनी दोघांनीही १९९२ पासून बांधून घेतलंय. आश्रय मागणाऱ्यांच्या निवासात मुलांना वयाला साजेसे खेळ आणि मोकळ्या हवेतले उपक्रम मिळालेच पाहिजेत, हे युरोपियन संघाच्या निर्देशात २०१३ पासून आहे. म्हणजे खरं तर हे सरकारचं काम आहे आणि ते आम्ही विनामूल्य करतोय. यावर सरकारला जाब विचारायला मी केव्हाही तयार आहे. पण ठोकळे रचण्यात राजकारण कुठलं, ते मला समजावून सांगा.

"आपल्या लोकांच्या व्हिसावर परिणाम होईल." होत नाही. ब्लू कार्डवरच्या, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावरच्या, माणसाने विनामोबदला दोन तास मुलांशी खेळायला इथे बंदी नाही. ही भीती पसरवण्याआधी कोणीतरी एक फोन करून खात्री करायची होती.

"मदतच करायची तर भारतात करू." जरूर करू. पुरासाठी आपण पैसे पाठवले तेव्हा मीही पाठवले होते. या खोलीवर मंडळाचा खर्च होतो तो रंग, कागद, केळी आणि विम्यातला वाटा एवढाच. गणपतीत ध्वनियंत्रणेवर याहून कितीतरी जास्त जातो, आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही. (आवाजाबद्दल केली आहे, ते वेगळं.)

चौथं कारण कोणी पूर्ण वाक्यात सांगत नाही. "आपण कामाला आलोय, टॅक्स भरतो. उगाच त्यांच्यात आपली गणना नको." हे मी दिवाळी फराळाच्या टेबलावर ऐकलं आहे, आणि माझ्या मते खरं कारण हेच आहे. २०१५ मध्ये या देशात सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी आले, २०२२ पासून युक्रेनमधून दहा लाखांहून जास्त माणसं आली, आणि मधल्या काळात इथली हवा बदलली हे मलाही दिसतं. पण ट्राममध्ये आपल्याला पाहून तोंड फिरवणारा माणूस आपलं ब्लू कार्ड बघायला मागत नाही. त्या निवासापासून चार हात लांब राहिल्याने त्याच्या नजरेत आपण वेगळे दिसू, हा हिशेब मला पटत नाही. समजा हिशेब बरोबर निघाला, तरी त्याची किंमत पाच वर्षांच्या पोरांनी का भरायची?

माझ्या तक्रारी मात्र या एका निर्णयापुरत्या नाहीत.

मागच्या वर्षीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत 'मंडळाचे समाजकार्य' या पानावर त्या खोलीतल्या मुलांचा फोटो छापला गेला. चेहरे स्पष्ट. तोच नंतर फेसबुकवर. खोलीत फोटो काढायचा नाही, ही करारातली अट आहे आणि दारावर चार भाषांत तिची पाटी आहे. ज्यांचे नातेवाईक अजून मायदेशी आहेत, ज्यांना कोणीतरी शोधत असू शकतं, त्यांच्यासाठी ही पाटी लावलेली आहे. एका मुलाच्या वडिलांनी तो फोटो मला स्वतःच्या मोबाइलवर दाखवला. ते चिडले नव्हते, त्यांनी फक्त विचारलं की हा किती लोकांनी पाहिला असेल. मी तेव्हाच कळवलं. फेसबुकवर तो अजून आहे.

त्या फोटोच्या दिवशी पदाधिकारी बॅनर आणि पेढे घेऊन आले, तासाभरात गेले. मुलांना पेढे आवडले. पण खेळाच्या वेळेत दहा अनोळखी मोठी माणसं बूट न काढता सतरंजीवर उभी राहिली, की लहान मुलं टेबलाखाली जातात. ती त्या दिवशीही गेली होती, आणि फोटोत म्हणूनच फक्त मोठी मुलं आहेत.

नागरिकत्वाची गोष्टही बोलायला हवी. २०२४ च्या नव्या कायद्यात विशेष एकात्मता दाखवणाऱ्याला तीन वर्षांत नागरिकत्व मिळायची सोय होती, आणि स्वयंसेवा त्यात जमेला धरली जायची. त्या काळात आमच्याकडे नावं द्यायला रांग लागली. प्रमाणपत्रासाठी आलेल्या माणसालाही मुलं तेवढंच पळवतात, तेव्हा माझी काही हरकत नव्हती. त्यांतले दोघं तर आमचे सगळ्यात चांगले गडी निघाले आणि अजून येतात. २०२५ च्या शरदात संसदेने ती सोय काढून टाकली, आणि बाकीची नावं यादीवरून गळाली. कार्यकारिणी आज म्हणते की "सभासदांचा प्रतिसाद कमी झालाय". प्रतिसाद कशामुळे कमी झाला, हेही तिने त्याच वाक्यात सांगावं.

आणि केलरमधली, म्हणजे तळघरातली, खेळणी. दोन वर्षांपूर्वी मंडळाने सभासदांकडून खेळणी गोळा केली. अर्धी मोडकी होती, तुकडे हरवलेली कोडी होती, तरी निवडून चार खोकी उत्तम डुप्लोचे ठोकळे आणि लाकडी रेल्वे निघाली. ती मंडळाच्या केलरमध्ये, मखराच्या थर्माकोलमागे आहेत. किल्ली मिळत नाही. का मिळत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि यात काही कट असेल असंही मला वाटत नाही. नुसता आळस आहे.

एक गोष्ट मी कोल्हापूरची म्हणून लिहिणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीच्या फॉरवर्डचा पाऊस पडला होता. अध्यक्षांनी स्वतः लिहिलं होतं, "मराठी मातीचे मोठेपण". ती छावणी १९४३ ते १९४८ होती. सोव्हिएत रशियाने सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेली, इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. छावणी उभी केली ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने आणि लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने. सगळं श्रेय कोल्हापूरकरांनी घ्यायचं कारण नाही. पण तिथे शाळा होत्या, नाटकं होती, मुलांची स्काउट पथकं होती. कोणीतरी ठरवलं होतं की छावणीतल्या मुलांनाही खेळायला, गायला, तंबू ठोकायला मिळालं पाहिजे. ती मुलं म्हातारी होऊन कोल्हापूरला परत भेटीला आली, महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले आणि तिचं गांधीनगर झालं. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला अजून गांधीनगरलाच जातात; माझाही तिथेच बांधला होता. तेव्हा निर्वासित म्हणजे कोणी परग्रहावरचे, असं निदान मला तरी कोणी पटवू शकणार नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मुलांचं कौतुक ग्रुपवर आणि आजच्या मुलांचा करार रद्द, हे एकाच मंडळाने करू नये.

आता मागण्या.

मार्चअखेरचा निर्णय थांबवा आणि तो सर्वसाधारण सभेसमोर आणा. सूचनापत्रात विषय स्पष्ट लिहा, 'इतर विषय' या खात्यात ढकलू नका. कारणं लेखी द्या. स्वयंसेवकांना सभेत बोलायला वेळ द्या, मग मतदान घ्या. बहुमताने नाही म्हटलं तर मी ते मान्य करेन.

तसं झालंच तर दुसरं फेराइन सापडून त्याचा विमा, दाखले आणि करार पूर्ण होईपर्यंत मंडळाने नाव मागे घेऊ नये. निदान शाळांच्या उन्हाळी सुट्टीपर्यंत. आम्ही दोन संस्थांशी बोलतो आहोत. इथली कागदपत्रं किती सावकाश हलतात हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि बंद व्हायचं असेल तर ते मुलांना आधी सांगता आलं पाहिजे. त्यांच्यासाठी शेवटची दुपार नेहमीसारखी व्हावी, बॅनरशिवाय.

तो फोटो फेसबुकवरून आजच काढा, स्मरणिकेच्या पीडीएफमधूनही. संबंधित कुटुंबांना मंडळाच्या अधिकृत कागदावर जर्मनमध्ये माफीचं पत्र द्या. ते मी लिहून देणार नाही आणि माझ्या हातून पाठवूही नका. दोघा पदाधिकाऱ्यांनी जाऊन द्यावं, निवासाच्या व्यवस्थापकांची वेळ घेऊन.

यापुढे मंडळाच्या कोणत्याही अहवालात या कामाचा उल्लेख करायचा असेल तर मुलांच्या चेहऱ्याशिवाय करा.

आणि केलरची किल्ली मला या शनिवारपर्यंत द्या. निवासाच्या गोदामात खोकी ठेवायला जागा मिळाली आहे, पण ती या महिन्यापुरतीच आहे. गाडी माझी, उचलायला माणसंही आमचीच. तुम्ही फक्त मखर थोडं बाजूला सरकवून ठेवा.

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद आणि खेळाच्या खोलीतली स्वयंसेवक